पेटी, गिटार की तबला?

प्रश्न: ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. कीबोर्डचा क्लास लावला होता, थोड्या महिन्यांत कंटाळली. सासूबाई भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यांना वाटतं हिनेही पेटी शिकावी, ह्यांना गिटार हवंय, आणि पोरगी दिवसभर डबे, टेबल, भावाची पाठ बडवत बसते. काय लावू? – एक आई, सांगली

उत्तर: मला विचाराल तर तबला. पण लगेच जोडी विकत आणू नका. आधी घरीच तीनताल म्हणायला घ्या, धा धिं धिं धा, 16 मात्रा म्हणजे 16 ठोके, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला. जमायला लागलं की लय थोडी वाढवा आणि बघा, ती पुढे पळते की तुमच्याबरोबर राहते. राहिली तर बिनधास्त क्लासला न्या, नुसती बसू दे, आणि सरांना सांगून डग्ग्याला, म्हणजे जोडीतल्या मोठ्या, खर्जातल्या वाद्याला, हात लावू द्या. मनगट दाबत पुढे सरकवलं की डग्गा जो घुमतो ना, त्यात कित्येक मुलं तिथल्या तिथे अडकतात!

कीबोर्ड सोडला म्हणून तिला संगीतात रस नाही असं अजिबात समजू नका हां. की दाबली की सूर आयता मिळतो, ज्या मुलांना स्वतःच्या हाताने आवाज काढायचा असतो त्यांना त्यात मजा येत नाही.

तबला घ्यायची वेळ आली की लहान तोंडाचा, म्हणजे उंच सुराचा घ्या, मोठ्या तोंडाच्या तबल्यावर चिमुकली बोटं पुरत नाहीत. बासरीचंही तेच, भोकं नीट झाकली गेली नाहीत तर नुसती हवा जाते. तरी मिरज तुमच्या शेजारीच आहे, तंबोरे-सतारी बनवणारे लोक तिथे आहेत, एकदा फिरवून आणा, कदाचित तारांवरच जीव जडेल तिचा.

आणि कोणी म्हणालंच की मुलीच्या जातीला तबला कशाला, तर त्यांना आबान मिस्त्री आणि अनुराधा पाल ही नावं सांगा, दोघीही मुंबईच्याच.

सासूबाईंची पेटी तर इथे फारच कामाची आहे. सोलो तबल्याला लेहरा बहुतेक पेटीवरच धरतात, 16 मात्रांची सुरांची एकच ओळ परत परत. त्यांनी रोज पंधरा मिनिटं नातीला लेहरा धरून दिला तर क्लासच्या फीमध्येही जे मिळत नाही ते तिला घरात मिळेल.