स्टेपर मोटार गुणगुणते, पण फिरत नाही

प्रश्न : टॉवेलला शिवायच्या लेबलांची पट्टी मोजून पुढे सरकवणारं छोटं यंत्र मी स्वतः जुळवलंय. मोटार नेमा १७ मापाची स्टेपर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी), तिच्यावर २.८ व्होल्ट, १.७ अँपिअर असं छापलंय. मोटार चालवणाऱ्या एल२९८ चिपच्या लाल बोर्डला १२ व्होल्ट दिले की चिप भाजते. ५ दिले तर मोटार हळू चालते, वेग वाढवला की नुसती गुणगुणते. दुकानदार म्हणतो, मोठी मोटार घ्या. घेऊ का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : मालक, मोटारीला हात लावू नका, बोर्ड बदला.

त्या २.८ व्होल्टनी भल्याभल्यांना फसवलंय. कॉइलचा रोध सुमारे १.६५ ओहम, त्याला १.७ ने गुणलं की २.८ येतात, एवढाच त्याचा अर्थ. जपायचा असतो तो करंट. वेगात फिरताना कॉइलमध्ये करंट चढायला वेळ मिळत नाही. तो पटकन चढवायचा तर व्होल्ट भरपूर हवेत, आणि ठरलेल्या आकड्याला पोचला की सप्लाय तोडायचा, उतरला की पुन्हा जोडायचा. सेकंदाला हजारो वेळा. हे चॉपरचं काम.

एल२९८ एकटी ते करत नाही. करंटवर नजर ठेवायला तिच्या जोडीला एल२९७ बनवलेली आहे, पण लाल बोर्डवर ती नसते; करंट मोजायच्या पिना बहुतेक थेट ग्राउंडला टाकलेल्या असतात. म्हणून १२ व्होल्टला चिप भाजते. शिवाय आतले ट्रान्झिस्टर बायपोलर, अँपिअरभर करंटलाच दोन-तीन व्होल्ट गिळतात. तुमच्या ५ व्होल्टपैकी निम्मे तिथेच गेले.

चॉपर आतच असलेल्या ए४९८८ चिपचा बोर्ड आणा, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावा. या चिपची मर्यादा ३५ व्होल्ट आहे. कागदावर ती २ अँपिअर देते, पण मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी १.२ च्या पुढे जाणार नाही, तेही हीटसिंक आणि पंखा लावून. लेबलची पट्टी ओढायला तेवढा जोर पुरतो. मोटार न जोडता प्रीसेटवरचे (करंट ठरवायचा बोर्डवरचा छोटा स्क्रू) व्होल्ट मल्टिमीटरने मोजा. हिशेब : करंट गुणिले ८ गुणिले बोर्डवरच्या सेन्स (करंट मोजायच्या) रेझिस्टरची ओहममधली किंमत. त्यावर आर१०० (०.१ ओहम) असेल तर १.२ अँपिअरसाठी ०.९६ व्होल्ट, आर०५० (०.०५ ओहम) असेल तर ०.४८. रेझिस्टर न वाचता कुणाचा तरी आकडा उचलू नका.

मोटारीच्या सप्लायवर, बोर्डला चिकटूनच, १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर हवा. आणि सप्लाय चालू असताना मोटारीची वायर उपसू नका. माझ्याकडे मेलेले ए४९८८ येतात त्यांतले बरेचसे असेच गेलेले असतात. हीटसिंकच्या फटीत कापसाचे तंतू साचतात, ब्रशने काढत जा.

मोटार चालवणारी दुसरी चिप, टीएमसी२२०९, घ्यावी का, असंही कुणी सुचवेल. चिप उत्तम, अगदी शांत. पण शेजारी लूम खडखडत असताना ती शांतता ऐकणार कोण?

एवढं करूनही स्टेप चुकली तर प्रीसेट पिळत बसू नका, प्रोग्राममध्ये वेग हळूहळू चढवा. फेऱ्याला २०० स्टेप. उभ्या मोटारीकडून एकदम सेकंदाला पाच फेरे, म्हणजे हजार स्टेप मागितलेत तर कुठलीही चिप लावा, मोटार नुसती गुणगुणू शकते.