कंपनीच्या कामासाठी स्वतःच्या दुचाकीवर फिरताना अपघात झाला, तर कंपनी जबाबदार असते का?

तुम्ही औषध कंपनीचे प्रतिनिधी आहात आणि ‘गाडी तुमची, काळजीही तुमचीच’ असे व्यवस्थापकाने सुनावल्यामुळे हा प्रश्न विचारला आहे. माझे मत असे, की फिरती कंपनीसाठी असेल, तर गाडी कोणाच्या नावावर आहे यावरून मालकाला हात झटकता येत नाहीत.

माझे थोरले बंधू नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो पोहोचवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे चालक होते. हंगामात ते रात्रभर गाडी चालवून पहाटे माल उतरवीत, परत येऊन क्रेट भरण्यावर उभे राहत आणि अंधार पडताच पुन्हा निघत. पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलेले होते. त्या व्यापाऱ्याकडे चालकांच्या कामाच्या तासांची नोंद कुठेच नव्हती, मात्र गाडी उशिरा पोहोचल्याबद्दल कापलेल्या भत्त्याची नोंद चोख होती. माळशेज घाट उतरताना बंधूंचा डोळा लागला, गाडी कड्यावर आदळली आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आमचे चुलते तेव्हा म्हणाले, “डुलकी याला लागली, त्यात मालकाचा काय दोष? देतील ते घ्या आणि सही करा.” आम्ही सही केली नाही. 1923च्या भरपाई कायद्याखाली कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली एवढे दाखवणे पुरेसे होते. कामगाराच्या साध्या चुकीमुळे त्याचा हक्क बुडत नव्हता. शिवाय देय रक्कम महिन्याभरात दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद होती. कामगार न्यायालयात आमचा अर्ज मंजूर झाला. तरीही चुलते आजतागायत त्याला मालकाची मेहेरबानी म्हणतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही. ज्याने माणसाला झोपू दिले नाही, त्याने झोपेचे खापर त्याच्या माथी फोडू नये.

तुमच्यासारख्या प्रतिनिधींना हाच भरपाई कायदा 1976च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याने लागू केला होता. रोजचा दौरा, भेटींचे अहवाल आणि वरिष्ठांचे संदेश जपून ठेवा. मात्र मद्यपान करून गाडी चालवल्यास किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडल्यास बहुतेक इजांची भरपाई नाकारता येते, आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत तुमचे नाव असेल तर दावा तिकडे करावा लागतो. हे सर्व जुने कायदे 2020च्या श्रम संहितांमध्ये विलीन करण्यात आले आहेत. म्हणून अर्ज करण्यापूर्वी सध्याचे कलम कामगारांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या, कंपनीच्या वकिलाकडून नव्हे.