उतरवायला तूच जा

पोरी,

तुझा परवाचा निरोप तीनदा वाचला. फुग्यांचा नऊ फुटी मोर, बारशाचा हॉल, रात्रभर जागून बांधलेला, आणि पाहुणे यायच्या तासभर आधी मान आणि पिसाऱ्याची एक बाजू फटाफट फुटायला लागली. फोटोत मानेच्या जागी नुसता पांढरा पाईप दिसतो. यजमानांनी निम्मे पैसे कापले. फुग्यांचा लॉट खराब होता का, दोन नळ्यांचा पंप घेऊ का, की सरळ पुण्याला नोकरी बघू, असं सगळं एका दमात विचारलंस. मी फोन करून एकच विचारलं, की उतरवताना काय दिसलं? तू म्हणालीस, "मी नाही गेले काका, रडायला येत होतं. पोरांना पाठवलं. त्यांनी टाचणीनं फोडून हॉलच्या मागं टाकलं."

तेव्हा मी फोन ठेवला, तो रागानं. बोललो असतो तर जास्त बोललो असतो. म्हणून आता लिहितोय.

मोर का फुटला ते मला काय विचारतेस? मोरालाच विचारायचं होतं, आणि ती वेळ तू पोरांच्या हाती दिलीस. मी अंदाज सांगू शकतो. त्या हॉलची पश्चिमेची भिंत सगळी काचेची आहे. मान तू गडद निळ्या क्रोममध्ये, म्हणजे धातूसारख्या चमकीच्या फुग्यांत, केलीस. रात्री एसी चालू असताना फुगे भरलेस, तेही गच्च, कारण गच्च भरला की चमकतो. दुपारी हॉलवाल्यांनी एसी बंद केला असणार, ते करतातच. आपल्याकडं मे महिन्यात काचेआड काय भट्टी होते ते तुला माहीत आहे. वीस अंशांवरची हवा चाळिसावर गेली की सातएक टक्के फुगते. गच्च भरलेल्या रबराला तेवढी जागा कुठून आणायची? त्यात गडद रंग ऊन जास्त पितो. पण पोरी, हा नुसता माझा अंदाज झाला. कदाचित चौकड्या, म्हणजे चार-चार फुग्यांचे घोस, ज्या जाळीवर बसवल्यास तिच्या तारेचं टोक उघडं राहिलं असेल. कदाचित वरचा हॅलोजन जवळ असेल. उन्हानं मेलेला फुगा आणि तारेनं मेलेला फुगा यात फरक असतो. उन्हातल्याची कांती आधी जाते, वर मखमलीसारखी पूड धरल्यागत दिसते, आणि शेजारचे जे वाचलेत त्यांच्यावरही ती दिसते. तारेनं गेला असेल तर एकाच जागी, एकाच उंचीवर जातात आणि बाकीचे टवटवीत असतात. हे उतरवतानाच कळतं. फोटोत कळत नाही आणि यजमानांच्या शिव्यांत तर नाहीच नाही.

बांधणाऱ्यानंच उतरवावं. माझ्याकडं शिकवायला एवढंच आहे. बाकी चौकडी कशी पिळायची, फुग्यांच्या खांबाचा पेच कसा फिरवायचा, खोक्याला भोक पाडून फुग्याचं माप कसं लावायचं, हे तू मोबाईलवर बघून माझ्यापेक्षा चांगलं शिकली आहेस. तुझा पिसारा बघून मी खरंच हरखलो होतो. दोनशेसाठ नंबरचे लांब फुगे असे विणायला मला या जन्मात जमणार नाही. पण विणलेलं सोडवायला जात नसशील, तर तुझं अर्धंच शिक्षण झालंय.

माझं ऐक. आम्ही आधी थर्माकोलवाले. गणपतीची मखरं, लग्नातली अक्षरं, स्टेजमागचे महाल. फुगे तेव्हा जोडधंदा होता. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आमच्यातले बरेच जण बसले, मी बसलो नाही, कारण तोवर मला फुग्यांचा नाद लागला होता. पण नाद लागला तेव्हा मी तुझ्यासारखाच होतो. मांडून झालं, फोटो काढला, उरलेले पैसे खिशात घातले की टेंपो काढायचा. उतरवणं हे मांडववाल्याच्या पोरांचं काम.

2011 च्या हंगामात हरिपूर रस्त्याला एका लग्नात बारा फुटी हत्ती केला होता. लोखंडी सळीचा सांगाडा, त्यावर जाळी, आणि फुगे सगळे तंगुसानं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यानं, बांधलेले. गावात बोलबाला झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी दारात उभा राहिला. भांडायला आला नव्हता. हातात तंगुसाचा गुंता आणि त्यात अडकलेले राखाडी रबराचे तुकडे. कार्यालयामागच्या उकिरड्यावर हत्ती तसाच लोटून दिलेला, तिथं पत्रावळी चघळता चघळता त्याच्या म्हशीनं ते खाल्लं. डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. तो एवढंच म्हणाला, "हे तुमचंच हाय न्हवं?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, माझं काम मांडायचं, काढायचं काम कार्यालयाचं. तो काही न बोलता गेला. आठवडाभरानं मी थोडे पैसे नेऊन दिले, म्हशीच्या किमतीच्या निम्मे पण नव्हते. त्यानं मोजलेसुद्धा नाहीत. आज एवढी वर्षं झाली, त्या रस्त्यानं संगमावर जायची वेळ आली की मी गाडीची काच वर करतो, कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

फुगा नैसर्गिक रबराचा, झाडाच्या पानासारखा कुजतो, असं तुला दुकानदार सांगेल. पाकिटावर पण लिहिलेलं असतं. मी परसातल्या कुंडीत पुरून बघितलाय. दसऱ्याला पुरला, गुढीपाडव्याला उकरला, गाठ जशीच्या तशी. कुजत असेल कधीतरी. तोवर तो म्हशीच्या नाही तर माशाच्या पोटात जाणार नाही याची हमी पाकीटवाला देत नाही. आणि तू बारशी, पहिले वाढदिवस करतेस. तिथं रांगती पोरं असतात. फुटक्या रबराचा तुकडा तोंडात गेला तर घशाला पडद्यासारखा चिकटतो. टाचणीनं फोडलेला फुगा चारी दिशांना तुकडे उडवतो. त्यापेक्षा गाठीजवळचं मानेचं रबर ताणून बारीक कात्रीनं टोचायचं, फुगा हळूच सुस्कारा टाकून मऊ पडतो, अख्खा हातात येतो. वेळ लागतो. लागू दे.

हेलियमबद्दल विचारलंस ते राहिलंच. अकरा इंची फुगा हेलियमवर बारा ते चोवीस तास तरंगतो, त्यापुढं नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. स्वस्त पडतो म्हणून कुणी हायड्रोजनचं सिलिंडर दाखवलं तर तिथून उठायचं. रबराचा पहिला फुगा 1824 मध्ये लंडनला मायकेल फॅरेडेनं केला, रबराचे दोन तुकडे कडेनं दाबून आणि आत चिकटू नये म्हणून पीठ चोळून. त्यानं हायड्रोजन भरला होता, खरंय. तो प्रयोगशाळेत होता. तुझ्या मांडवात फोटोग्राफरचे दिवे असतात, आतषबाजी असते आणि नवऱ्याचे मित्र असतात. यावर मी चर्चा करणार नाही.

तर उतरवणी. तुला वाटेल, म्हाताऱ्याला पाप-पुण्याचं वेड लागलंय. तसं नाही. धंद्याचं सांगतो. माझ्याकडं एक वही आहे, तिच्यात मांडणीचं एक अक्षर नाही, सगळं उतरवणीचं आहे. कुठल्या थराला किती गेले, दिव्यापासून किती हातांवर गेले, तळातल्या चौकड्या वजनानं किती चपटल्या, पाईपचा कुठला जोड वाकला. खांब खालून सैल पडतो म्हणून तळाचे दोन थर मी अर्धा इंच लहान मापानं भरतो. हे मला कुणी शिकवलं नाही, आठ खांब उतरवल्यावर कळलं. उघड्यावरच्या कामाला बारा इंची फुगा दहा इंचांवरच थांबवायचा आणि रंग फिके घ्यायचे, हेही तसंच. पारदर्शक फुगा उन्हात दुधाळ होतो, त्यामुळं आत कॉन्फेटी घालून बाहेर लावला तर तासाभरात नुसता धुकट गोळा उरतो. हे मी लिहिलंय तेवढं तुला फुकट मिळालं. पुढचं मिळणार नाही, ते तुला रात्री अकरानंतर रिकाम्या हॉलमध्ये उभं राहूनच मिळेल.

आपलं सांगली गाव नाटकाचं. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिला खेळ केला. पोरवयात मी नाट्यमंदिरात रंगमंचामागं हमाली करायचो, चहा आणि वडापाववर. तिथं एक गोष्ट बघितली. जो नेपथ्य चढवतो तोच उतरवतो. पडदा पडला, लोक रिक्षा शोधतायत, नट तोंड पुसतायत, आणि आत त्याच माणसाचा हात त्याच खिळ्यावर. कारण पुढच्या गावाला तोच सेट उभा करायचाय आणि कुठला खिळा ढिला झालाय ते त्याच्या हाताला कळायला हवं. आपल्याला पुढच्या गावाला तोच मोर न्यायचा नसतो, म्हणून आपण समजतो की आपलं काम संपलं.

आता तू म्हणशील, काका, तुम्ही एवढे शहाणे तर तुमचा धंदा का नाही वाढला? माझ्या मागून आलेली पोरं दिवसाला दोन-दोन कामं करतात, गाड्या घेतल्या. मी एका कामासाठी दोनदा जातो. माझ्याकडचा सगळ्यात हुशार पोरगा सोडून गेला, म्हणाला, काका कचरा वेचायला लावतात. माझ्या मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला मी माधवनगरला दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचा किल्ला उतरवत होतो. घरी पोचलो तेव्हा ती झोपली होती आणि केकचा माझा तुकडा जाळीच्या झाकणाखाली होता. ती आता तेवीस वर्षांची आहे, अजून टोमणा मारते. तिची आई मारत नाही, ते जास्त वाईट. पण मी चुकलो असं मला म्हणवत नाही. त्या दिवशी कुणाला तरी पाठवता आलं असतं, हे कबूल. एक दिवस. पण एक दिवस पाठवलं की दुसऱ्या दिवशीही पाठवतो माणूस, मी स्वतःला ओळखतो. जाऊ दे, हे तुझ्यासाठी नव्हतं.

पैशाचं मात्र माझ्यासारखं करू नकोस. मी उतरवणी फुकट केली, म्हणून ती कुणाला दिसलीच नाही. तू कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाक, उतरवणी, अमुक रुपये, रात्री अमुक वाजता. "आमची माणसं काढतील" म्हणाले तर हसून सांग, नाही काढणार, मीच काढणार. त्यावरही अडले तर ते काम सोड. पहिली दोन-तीन कामं जातील. घरी बोलतील, भावाचा तोरा चालेल, ऐकून घे. पुण्याच्या नोकरीचं मी काही बोलत नाही, तो तुझ्या घरचा प्रश्न आहे. पण मोर फुटला म्हणून जाऊ नकोस. तो का फुटला हे कळल्यावर खुशाल जा.

ते हॉलच्या मागं टाकलेलं अजून तिथंच असेल. घंटागाडी तिकडं साडेसातला येते. सहाला जा, दोन पोती घेऊन जा. तंगूस आधी गोळा कर, एक वाव सोडू नकोस. मानेकडचे निळे तुकडे वेगळ्या पिशवीत ठेव, कडा बघ, वरची कांती बघ. जाळी मिळाली तर तारेच्या टोकांवरून बोट फिरव, जपून. आणि सगळं घेऊन संध्याकाळी माझ्याकडं ये, टेबलावर पसरून बघू. येताना माझा चष्मा आण, मागच्या वेळी तो तुझ्या पेटीतच राहिलाय.