रंग आणि वॉर्डरोब बाकी असताना नव्या घराचं व्हॅल्युएशन होईल का?

रंगासाठी थांबू नका, संडास-बाथरूमसाठी मात्र थांबा. मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, तेव्हा आमच्या बाजूने सांगतो.

तुम्ही लिहिलंय की स्वतःच्या प्लॉटवर बंगला बांधताय, प्लॅस्टर झालंय, फरशी चालू आहे आणि बँकेकडून मिळायचा कर्जाचा शेवटचा हप्ता अडलाय. तसं व्हॅल्युएशन कधीही होतं. जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लॅस्टर अशा टप्प्यांवर आम्ही किती टक्के काम झालं ते लिहून देतो आणि बँक त्या हिशोबाने पैसे सोडते. अडतं ते अहवालात 'पूर्ण' लिहिताना.

मी एकच बघतो, आज रात्री कुटुंब इथे राहायला आलं तर चालेल का? दारं-खिडक्या बसलेल्या हव्यात, फरशीचं काम संपलेलं, संडास-बाथरूम वापरता येण्याजोगं, ओट्याला सिंक, नळाला पाणी, सांडपाण्याला वाट, वीज आणि जिन्याला कठडा. कठडा लोक हमखास मागे ठेवतात! गच्चीचं वॉटरप्रूफिंगही बघतो, कारण ते राहिलं की पहिल्याच पावसात खालचं प्लॅस्टर फुगतं. रंगाचा शेवटचा हात राहिला तर थोडेसे टक्के कापले जातात, एवढंच. वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग आम्ही बहुधा धरतच नाही, त्यामुळे त्यांच्यापायी हप्ता लांबवण्यात अर्थ नाही.

मोजमाप करताना मंजूर नकाशा हातात असतो. नकाशात नसलेली खोली कितीही देखणी असो, बहुतेक बँका तिची किंमत धरत नाहीत. शेवटच्या हप्त्याला कुणी भोगवटा प्रमाणपत्र (घरात राहायला परवानगी देणारा दाखला) मागतं, कुणाला आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला पुरतो. शाखेत आधी विचारून घ्या, कारण फेरभेटीची फी शेवटी तुमच्याच माथी येते.

महापालिकेचं गणित वेगळं. बांधकाम पूर्ण होणं किंवा राहायला जाणं, यातलं जे आधी घडेल त्यानंतर 15 दिवसांत कळवायचं असतं. म्हणजे एक भिंत बिनरंगाची ठेवून घरपट्टी टळत नाही.

आणि आयकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर एक तारीख सांभाळा. राहत्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत वजावट हवी असेल, तर कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून 5 वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावं लागतं; नाहीतर ती 30 हजारांवर येते. कर्ज जुनं असेल तर दाखल्यावर कोणती तारीख पडतेय ते आर्किटेक्टकडून आत्ताच बघून घ्या.