चिलखत बघताना आधी चित्राची तारीख बघा

जुन्या चित्रांतली चिलखतं बघायला नवीन आहात म्हणून सांगतो, चित्रातला संत कोणत्या शतकातला याचा हिशेब चिलखताला लावू नका. संत जॉर्ज रोमन काळातला. पण चित्रकार यान व्हान आयकने १४३६ साली पूर्ण केलेल्या ‘कॅनन व्हान डेर पालेसह मेरी आणि बाळ येशू’ या चित्रात त्याला पंधराव्या शतकातल्या सरदारासारखं पोलादात मढवलंय. बेल्जियममधल्या ब्रूज शहरातल्या ग्रोनिंगे संग्रहालयातल्या या चित्राचा मोठा फोटो उघडा आणि शिरस्त्राणावर थांबा. त्याच्या गोलाईवर मेरी आणि बाळ येशू पुन्हा पुन्हा उमटलेत! ढालीतही एक इवलासा माणूस आहे, बहुधा स्वतः चित्रकार. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मग पट्टे, बकलं, बिजागऱ्या संग्रहालयांतल्या खऱ्या चिलखतांशी ताडून बघा, कारण चित्रकार रोमन थाटासाठी कल्पनेची नक्षीही बिनदिक्कत जोडत.