उंच बॉनेटपुढचा माणूस : वाचकांचे प्रश्न

मोठ्या गाड्यांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांत मायलेज, टायर आणि घाटातली ओढ यांचीच चौकशी जास्त होती. गाडीसमोरून पायी जाणाऱ्याची आठवण ठेवून लिहिलेली पत्रं थोडी होती. त्यांतली ही काही.

प्रश्न : घरी नवीन सात सीटची एसयूव्ही घेतली आहे. नातू अडीच वर्षांचा, दिवसभर अंगणात असतो. मुलगा म्हणतो, "आई, सीट उंच आहे, उलट जास्त दिसतं." त्याचं खरं मानायचं का? — एक आजी, विश्रामबाग, सांगली

मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे. उंच सीटवरून लांबचं जास्त दिसतं, पुढच्या कारच्या टपापलीकडचंही दिसतं. जवळचं मात्र बॉनेट गिळतं. किती गिळतं हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण घरच्या घरी दहा मिनिटांत मोजता येतं.

खराट्याचा दांडा किंवा सरळ काठी घ्या. जमिनीपासून ६० आणि ९० सेंटीमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. अडीच वर्षांचं मूल उभं असलं की साधारण ९० सेंटीमीटर भरतं आणि उकिडवं बसलं की ६०. अंगणात रांगोळी काढायला बसलेलं मोठं माणूसही फार उंच नसतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला. गाडी चालवणाऱ्याने रोजच्यासारखं, पट्टा लावून बसायचं. मान उंचावून बघायचं नाही, नाहीतर मोजमाप खोटं येतं. दुसऱ्याने काठी बंपरला टेकवून उभी धरायची आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. ९० ची पट्टी दिसली की आतून "दिसली" म्हणायचं, तिथे खडूने रेघ मारायची. मग ६० साठी. हेच डाव्या कोपऱ्यासमोर पुन्हा करा. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावा कोपरा त्याच्या डोळ्यापासून लांब पडतो आणि तिथली रेघ बहुधा आणखी पुढे जाते.

अंदाज यावा म्हणून एक हिशोब. बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ११० सेंटीमीटर, चालकाचा डोळा १६५ वर, आणि डोळ्यापासून कडेपर्यंतचं आडवं अंतर १९० धरा. अशा गाडीपुढे ९० सेंटीमीटरचं उभं मूल सुमारे ७० सेंटीमीटरपर्यंत पूर्ण झाकलं जातं. बसलेलं मूल १७३ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटर, दिसतच नाही. छोट्या कारमध्ये डोळाही खाली असतो, तरी बॉनेटची कड ७५ च्या आसपास असल्याने उभ्या मुलाचं डोकं कडेच्या वर येतं. बसलेलं मूल तिथेही झाकलं जातं, पण ६०-६५ सेंटीमीटरच. फरक पडतो तो कडेच्या उंचीमुळे.

सीट वर-खाली होत असेल तर ती पाच सेंटीमीटर चढवून बघा. वरच्या हिशोबात १७३ चे १५८ होतात. फुकटात मिळणारी ही सुधारणा बहुतेक लोक करत नाहीत.

खडूच्या रेघेवर ऑइलपेंट मारून ठेवा, घरातल्या सगळ्यांना ती कळली पाहिजे. बसण्याआधी गाडीच्या पुढून वळसा घालून चालकाच्या दाराशी यायचं. आणि "बाळ घरात असेल" या अंदाजावर गाडी सुरू करायची नाही. ते कुणाच्या तरी कडेवर, चालकाला दिसेल असं, किंवा हात धरून उभं असलं पाहिजे. गाडी निघताना टाटा करायला धावत येणारं मूल नेमकं पुढच्या कोपऱ्याशी येतं.

प्रश्न : ४० च्या वेगाने धडक ती धडकच. लहान गाडीची काय आणि मोठीची काय? वजन जास्त म्हणून मार जास्त, एवढंच ना? — महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा

वजनाचा वाटा समजतात तेवढा नाही. ६० किलोच्या माणसाला ७५० किलोची कार ४० च्या वेगाने धडकली तर साध्या संवेग-हिशोबाने तो ३७ च्या वेगाने ढकलला जातो. २१०० किलोच्या गाडीने सुमारे ३९ च्या. माणसापुढे दोन्ही डोंगरच.

फरक पडतो तो धडक शरीरावर कुठे बसते यात. कारचा बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो. पाय बाजूला जातात, शरीर उताराच्या बॉनेटवर लोळतं आणि डोकं काचेवर किंवा बॉनेटवर आदळतं. हाडं मोडतात, डोक्याला मार बसतो, पण वेग शरीरात थोड्या टप्प्याटप्प्याने शिरतो आणि बॉनेटचा पत्रा काही धक्का सोसून चेपतो. १५५ सेंटीमीटर उंचीच्या बाईचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ८५ सेंटीमीटरवर, म्हणजे बेंबीच्या थोडा खाली येतो. गाडीचं नाक त्याच्याहून उंच आणि भिंतीसारखं उभं असेल तर लोळायला जागाच राहत नाही. मार थेट ओटीपोटावर, बरगड्यांवर बसतो आणि माणूस पुढे रस्त्यावर फेकला जातो. मागून तीच गाडी येत असते. मुलाच्या बाबतीत हीच कड छातीशी किंवा डोक्याशी असते.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांचे सुमारे १७,९०० अपघात तपासले. ज्यांची बॉनेटची कड ४० इंचांहून, म्हणजे सुमारे १०२ सेंटीमीटरहून, उंच होती त्या गाड्यांखाली पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. मधल्या उंचीच्या गाड्यांतही ज्यांचं नाक उभं, त्या २६ टक्के जास्त घातक. तिथले पिकअप आपल्याकडच्यांहून अवाढव्य असतात हे खरं, पण टेप घेऊन आपली गाडी कुठल्या गटात बसते ते बघता येतं.

प्रश्न : द्राक्षाच्या वाहतुकीसाठी पिकअप आहे. रात्री कुत्री, जनावरं आडवी येतात म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवला. आरटीओ अडवतात असं ऐकलं. खरं का? — तासगाव

खरं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग असल्याचं कळवलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी मालकाला कलम १८२-अ लागू शकतं. त्यात दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे.

पण दंड बाजूला ठेवा. कंपनीचा बंपर प्लॅस्टिकचा, त्याच्या आत फोम आणि आडवी पट्टी असते. ती चेपून धक्का पसरवते. गार्ड थेट चासीच्या बोल्टांना जोडलेला असतो, चेपत नाही. तीन इंची नळीवर सगळा जोर एका पट्ट्यात येतो, नेमका मांडीवर किंवा मुलाच्या मानेवर. शिवाय गाडीत एअरबॅग असेल तर सेन्सरपर्यंत धक्का कसा पोचतो तेही बदलतं आणि एअरबॅग उशिरा उघडू शकते. म्हणजे मार आत बसलेल्यालाही. काढून टाका. काढल्यावर चासीवरची भोकं रबरी बुचांनी बंद करा, गंज चढणार नाही.

जनावरांवरचा उपाय म्हणजे वेग कमी ठेवणं. क्रेट भरल्यावर तर आणखीच, कारण क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या पिकअपचे ब्रेक रिकाम्या गाडीइतके पकडत नाहीत.

प्रश्न : गाडीला मागे सेन्सर आहेत, कॅमेराही आहे. मग रिव्हर्स घेताना खाली उतरून बघायची गरज आहे का? — गावभाग, सांगली

आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण सेन्सरला काय कळतं ते समजून घ्या. आवाजाच्या लहरी आदळून परत आल्या तरच तो बोलतो. बारीक काठी, सेन्सरच्या रेषेखाली असलेली वस्तू आणि लहरी शोषणारे जाड, मऊ कपडे त्याच्या हाती नीट लागत नाहीत. त्यावर चिखलाची पापडी बसली की तो गप्प बसतो किंवा उगाच ओरडतो.

आता वेळ बघा. सेन्सर साधारण सव्वा ते दीड मीटरवर जागा होतो. ताशी पाच किलोमीटरने मागे येणारी गाडी सेकंदाला १३९ सेंटीमीटर येते. आवाज ऐकून ब्रेकवर पाय जायलाच माणसाला सुमारे एक सेकंद लागतो. म्हणजे टिक-टिक ऐकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अंतर जवळजवळ संपलेलं.

कॅमेरा नसलेल्या उंच गाडीत मागच्या काचेची खालची कड १२० सेंटीमीटरवर, चालकापासून ३३० सेंटीमीटर लांब धरली तर बसलेलं मूल मागे सुमारे ४४० सेंटीमीटरपर्यंत झाकलं जातं. उभं असलं तरी २२० सेंटीमीटर. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी आणि तिसरी सीट वेगळीच.

तेव्हा क्रम असा: आधी मागे चक्कर, कॅमेऱ्याचं भिंग बोटाने नव्हे, ओल्या फडक्याने पुसायचं, काच खाली करून रेडिओ बंद, मग ब्रेकवरचा पाय किंचित सैल करून माणसाच्या चालीपेक्षा कमी वेगाने. अॅक्सिलरेटर नाही. जागा असेल तर येतानाच गाडी उलटी लावा. रस्त्यावर मागे येण्यापेक्षा अंगणात मागे येताना मदतनीस उभा करणं सोपं जातं.

प्रश्न : चौकात रस्ता ओलांडताना उजवीकडे वळणाऱ्या मोठ्या गाडीचा चालक माझ्याकडेच बघत असतो, तरी गाडी थांबत नाही. मुजोरी म्हणायची की काय? — निवृत्त शिक्षिका, राजपथ, सातारा

मुजोरीही असेल, पण बऱ्याचदा तुम्ही त्याला खरोखर दिसत नसता. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना छत पेलणारे खांब असतात, त्यांना पिलर म्हणतात. गाडी उलटली तर छत चेपू नये आणि बाजूच्या काचेवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग मावावी म्हणून ते जाड झाले. उजवा पिलर चालकाच्या डोळ्याजवळ असतो. तो १२ सेंटीमीटर जाड आणि डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर असेल, तर दोन डोळ्यांनी बघूनही दहा मीटरवरचा ८५ सेंटीमीटर रुंद पट्टा गायब होतो. त्यात एक माणूस सहज मावतो. वाईट म्हणजे गाडी वळत असते आणि तुम्हीही चालत असता, त्यामुळे तुम्ही बराच वेळ त्याच पट्ट्यात राहू शकता. आरसा मोठा असेल तर पट्टा खालीही वाढतो.

आयआयएचएसच्याच २०२२ च्या अभ्यासात, पादचाऱ्याचा बळी घेणाऱ्या अपघातांत वळणारी गाडी असण्याचं प्रमाण कारच्या तुलनेत एसयूव्हीत सुमारे दुप्पट, पिकअपमध्ये जवळपास चौपट आढळलं. हे तिथल्या डाव्या वळणाचं. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आपल्याकडे ते उजवं वळण.

तुमच्या बाजूने एक साधी खूण: चालकाचे दोन्ही डोळे दिसत नाहीत तोवर पाऊल टाकू नका. एकच डोळा किंवा पिलरच दिसला तर एक पाऊल बाजूला व्हा. काचेवर काळी फिल्म असेल तर काहीच दिसणार नाही. अशी फिल्म लावणं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केलं आहे. पुढची-मागची काच ७० टक्के आणि बाजूची ५० टक्के प्रकाश आत सोडणारी हवी. चालकांसाठी: वळण्याआधी स्टीअरिंगकडे झुकून आणि मागे येऊन, पिलरच्या दोन्ही बाजूंनी बघा. मान दोन वेळा हलवायची, एवढंच.

प्रश्न : गाडी दोन इंच उचलून मोठे टायर टाकले तर? — कराड

डोळा आणि बॉनेट दोन्ही वर जातात, तरी वरच्या उदाहरणात १७३ चे १९० सेंटीमीटर होतात. हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून चालत येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. टाकू नका.

प्रश्न : पंचतारांकित गाडी पादचाऱ्यालाही सुरक्षित असते का? — मिरज

भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे मुख्यतः आत बसलेल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या संरक्षणाचे असतात. गाडीच्या पुढच्या रचनेची पादचाऱ्यांसाठी वेगळी चाचणी असते. शोरूममध्ये तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारा.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या शाळेपुढे लोकांनी वर्गणी काढून गतिरोधक घातला. दुचाकीवाले पडतात आणि मोठ्या गाड्या मात्र सुसाट जातात. असं का? — सांगली-मिरज रस्ता

कारण तो अरुंद आणि टोकदार असणार. हातभर रुंद, वीतभर उंच उंचवटा मोठा टायर आणि लांब स्प्रिंग अलगद गिळतात, लहान चाकाला तोच ठोकर देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ मध्ये गोल गतिरोधकाचं माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच आहे, साधारण २५ च्या वेगासाठी. रुंदी जास्त असल्याने पूर्ण गाडी वर चढते आणि उतरते, म्हणून मोठ्या गाडीलाही वेग सोडावा लागतो.

वेग का सोडायचा त्याचा हिशोब: कोरड्या डांबरी रस्त्यावर, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, ३० च्या वेगाची गाडी साडेतेरा मीटरमध्ये थांबते, ४० ची वीसमध्ये, ५० ची अठ्ठावीसमध्ये. वीस मीटरवर मूल आडवं आलं तर ४० ची गाडी त्याच्याजवळ येऊन थांबेल. ५० ची तिथे पोचताना अजून ३७-३८ च्या वेगात असेल. पावसाळ्यात ही अंतरं वाढतात.

महापालिकेकडे अर्ज करताना नुसता गतिरोधक मागू नका. सपाट माथ्याचा, वर झेब्रा पट्टे असलेला उंच क्रॉसिंग मागा, दोन्ही टोकांना उतार आणि आधी पाटी. रात्री दिसेल असा रंग आणि पाणी साचणार नाही असा निचराही अर्जात लिहा. अशा क्रॉसिंगवर असलेलं मूल दहा सेंटीमीटर वर येतं. गाडी अजून खाली असताना, पहिल्या उत्तरातल्या हिशोबाने, बसलेल्या मुलाचं ६० चं ७० होतं आणि झाकलेलं अंतर १७३ वरून १३८ सेंटीमीटरवर येतं.