फाइलीतले दोन जादा स्तंभ

प्रश्न : आदरणीय बाई, सांगोला तालुक्यातल्या डाळिंब बागायतदारांना ठिबक सिंचनाबद्दल काय वाटतं, हे मोजण्यासाठी मी २७ विधानांची प्रश्नावली केली. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय दिले आणि २१२ जणांकडून ती भरून घेतली. घटक विश्लेषण (कोणती विधानं एका गटात जातात ते शोधणं) करायला गेले तर सॉफ्टवेअर म्हणतं की विधानांच्या सहसंबंधांचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, 'पॉझिटिव्ह डेफिनिट' नाही. माहिती घटक विश्लेषणाला योग्य आहे का हे सांगणारा केएमओचा आकडाही येत नाही. मार्गदर्शक म्हणतात, व्हीआयएफ (एक विधान बाकीच्यांवरून किती सांगता येतं याचं माप) १०च्या वर असलेली सगळी विधानं काढून टाका. काढू का? फाइल सोबत जोडली आहे.
— एक संशोधक विद्यार्थिनी, जि. सोलापूर

उत्तर : थांबा, काही काढू नका. आधी स्तंभ मोजा. विधानं २७ आहेत आणि फाइलीत स्तंभ २९.

जादा दोन सापडले : 'प्र१२_उलट' आणि 'प्र१९_उलट'. ही दोन विधानं ठिबकच्या विरोधातली, म्हणून तुम्ही ६ मधून गुण वजा करून ती सुलटी केलीत. ते बरोबरच. पण विश्लेषणाला मूळ स्तंभही दिलात आणि उलटवलेलाही. त्या दोघांतला सहसंबंध नेमका उणे १. मग सहसंबंधांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक (डिटर्मिनंट) शून्य होतो, म्हणजे ती 'पॉझिटिव्ह डेफिनिट' राहत नाही, तिचा व्यस्त (इन्व्हर्स) निघत नाही, आणि केएमओला तर तो व्यस्तच लागतो. यंत्र बिचारं खरं बोलत होतं.

मार्गदर्शकांचं ऐकलं असतंत तर प्र१२ गेलं असतं आणि त्याची उलटी प्रतही. प्र१२ म्हणजे 'ड्रिपर सारखे चोक होतात, वैताग येतो'. तुमच्या यादीतलं सगळ्यात जिवंत विधान तेच आहे! मूळ स्तंभ बाजूला ठेवा, उलटवलेले तेवढे घ्या.

मी तसं करून पाहिलं. मॅट्रिक्स सुटली, पण प्र४ आणि प्र९ यांचा सहसंबंध ०.९१ निघाला. 'ठिबकमुळे पाण्याची बचत होते' आणि 'ठिबक वापरल्यास पाणी कमी लागते'. अहो, हे एकच वाक्य आहे. अशी जोडी ठेवली तर ती आपला वेगळा घटक थाटून बसते, आणि तुम्ही प्रबंधात त्याला 'जलजाणीव' वगैरे नाव देऊन मोकळ्या होता. गंमत म्हणजे फक्त या दोघांपुरता हिशेब केला तर व्हीआयएफ सहाच्या आतच येतो. म्हणजे १०च्या नियमाने कामाचं विधान गेलं असतं आणि ही जोडी कदाचित तशीच राहिली असती. प्र९ ठेवा, प्र४ गाळा. 'पाणी कमी लागतं' असं शेतकरी बोलतो. 'बचत होते' हे माहितीपत्रकात असतं.

व्हीआयएफ वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. अनेक कारणांमधून प्रत्येकाचा परिणाम सुटा करायचा असेल, म्हणजे प्रतिगमनात, तो पाहायचा. मापनश्रेणीतली विधानं एकमेकांशी जुळायलाच हवीत. तीच जुळली नाहीत तर बेरीज कशाची करणार? वेगवेगळ्या तीन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगावी, एवढंच हवं. एकाच साक्षीदाराची दोन प्रतिज्ञापत्रं नकोत. पुढे हे घटकगुण वापरून 'ठिबकखालचं क्षेत्र' समजावणार असाल, तेव्हा व्हीआयएफ जरूर काढा.

किती घटक ठेवायचे? 'आयगेनमूल्य (घटकाने विधानांमधला किती फरक पकडला याचा आकडा) १पेक्षा जास्त' हा नियम बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त घटक देतो. हॉर्न यांनी १९६५ साली सुचवलेलं समांतर विश्लेषण करा : तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक आकड्यांतून जी आयगेनमूल्यं निघतात, त्यांच्या वर असलेले घटकच खरे माना. घटक फिरवून स्पष्ट करण्याची व्हॅरिमॅक्स पद्धत त्यांना काटकोनात, म्हणजे एकमेकांशी सहसंबंध नसलेले ठेवते. पण खर्चाची धास्ती आणि ठिबकवरचा भरवसा यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, हे मला पटत नाही. घटकांना एकमेकांशी जुळू देणारी ऑब्लिमिन पद्धत वापरा.

आणि अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा) ०.८१ आला म्हणून पेढे वाटू नका. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.१४ असला, तरी २६ विधानांचा अल्फा तेवढा येतोच, संख्येच्या जोरावर. अल्फा प्रत्येक घटकाचा वेगळा काढा.

(१९८७ साली मी १२ विधानांचे ६६ सहसंबंध फॅसिट या हाताने चालवायच्या गणकयंत्राचा दांडा फिरवून काढले होते. त्यामुळे एकच गोष्ट दोनदा विचारायची हिंमत होत नसे.)

एक शंका मात्र उरली. प्र१७ : 'ठिबकमुळे पाणी व मजुरी वाचते आणि अनुदान वेळेवर मिळते.' ज्याचं पाणी वाचलं पण अनुदान अडकलं, त्याने कुठे खूण करायची? हे विधान कुठल्याच घटकावर नीट बसत नाही, याचं मला नवल वाटलं नाही. ते गाळा, आणि पुढच्या फेरीत त्याचे तीन प्रश्न करा.